जुन्नर पायी बघायचं तर: दोन दिवसांचा बेत

प्रश्न असा आहे: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जुन्नर गावातच दोन रात्री मुक्काम, बरोबर दहा वर्षांचा मुलगा आणि साठी ओलांडलेले आईवडील. गाडी लॉजवर उभी ठेवून नुसतं पायी काय बघून होईल? नाणेघाट, जीवधन, हरिश्चंद्रगड असे दमवणारे बेत नकोत.

दोन दिवस अपुरे पडतील इतकं आहे. एसटी स्टँड मध्याला धरून पाच-सहा किलोमीटरचं वर्तुळ काढा. पश्चिमेला शिवनेरी आणि त्यापलीकडे तुळजा लेणी, उत्तरेला कुकडी ओलांडून लेण्याद्री, दक्षिणेला मानमोडीचा डोंगर, पूर्वेला हापूसबाग, सगळं त्यात येतं. बहुतेक जण गाडीने एका दिवसात शिवनेरी, लेण्याद्री आणि ओझर उरकतात आणि गावाभोवतीचं शिवार काचेतून बघतात. पण जुन्नर हे नाणेघाटातून वर आलेल्या मालाचं गाव. इथल्या डोंगरांतली लेणी व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या पैशांवर खोदली गेली. गाव, नदी, शेतं आणि डोंगर यांचं हे नातं पायी गेल्याशिवाय लक्षात येत नाही.

आधी वेळेचा हिशोब, कारण इथे बेत बिघडतो तो अंतरामुळे नाही, वेळेमुळे. या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. लॉजमधून साडेसातला निघायचं, अकरा-साडेअकरापर्यंत सकाळचं चालणं संपवायचं. दुपारी साडेतीनला निघून साडेपाचच्या आत गावात परत. यातला संध्याकाळचा नियम बिबट्यामुळे आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. वेग सपाटीवर ताशी तीन किलोमीटर धरा, चार नाही, कारण मूल आणि आईवडील दोघेही थांबत थांबत चालतात. चढावर दर शंभर मीटर उंचीला वीस मिनिटं जास्त. तासाला दहा मिनिटं विसावा. हा हिशोब कागदावर करून मगच निघा. गुगल नकाशा पायी वेळ दाखवतो त्यात चढ आणि विसावा पुरेसा धरलेला नसतो, त्यामुळे त्यात निदान तिसरा हिस्सा वाढवा.

पहिल्या सकाळी शिवनेरीच करा. एक म्हणजे तेव्हा सगळे ताजेतवाने असतात. दुसरं, गडाच्या उत्तर टोकावरून पुढच्या दोन दिवसांत जिथे जिथे चालायचं ते सगळं एका नजरेत दिसतं.

गावातून पायथ्यापर्यंत अडीच-तीन किलोमीटर डांबरी रस्ता आहे. आईवडिलांची शक्ती चढासाठी राखायची असेल तर त्यांना रिक्षाने पायथ्याशी पाठवा, तुम्ही मुलाला घेऊन चालत या. गडाचा राबता मार्ग नैर्ऋत्येच्या अंगाने सात दरवाजांतून चढतो. त्यामुळे सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत चढणीचा बराच भाग डोंगराच्या सावलीत राहतो आणि दुपारनंतर त्याच पायऱ्या तापतात. लवकर निघण्याचं खरं कारण हे आहे. पायऱ्या बांधीव आहेत, पण उंची सारखी नाही. एक वीतभर, तर दुसरी गुडघ्याला ताण देईल अशी. चढताना त्याचं काही वाटत नाही. उतरताना मात्र साठीच्या गुडघ्यांना हेच नडतं. उंच पायरी समोरून न उतरता अंग किंचित आडवं करून उतरायची, आणि हातात काठी असेल तर काठी आधी खालच्या पायरीवर टेकवून मग पाऊल. खांद्याएवढ्या उंचीची साधी बांबूची काठी पुरते.

महादरवाजा, पीर दरवाजा, हत्ती दरवाजा असं करत पाचव्या, म्हणजे शिपाई दरवाजाशी आलात की मुख्य वाट सोडून शिवाईदेवीच्या देवळाकडे वळा. देवळामागच्या कड्यात लेणी आहेत. आईवडिलांना वरपर्यंत जायचं नसेल तर थांबायला ही उत्तम जागा: सावली आहे, बसायला ओटे आहेत, आणि गड निम्म्याहून अधिक चढून झालेला असतो. वर अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, जन्मस्थानाची इमारत, कमानी मशीद आणि बदामी टाकं ही सगळी एकाच सपाट वाटेवर आहेत. गड दक्षिणेला रुंद आणि उत्तरेला निमुळता होत जातो. त्या निमुळत्या टोकाला कडेलोटाचा कडा. इथे कठड्याच्या आत उभं राहून मुलाला दाखवा: खाली जुन्नरची घरं, उत्तरेला कुकडीची रेघ आणि तिच्यापलीकडे काळ्या भोकांची रांग दिसते ती लेण्याद्री, पश्चिमेला माणिकडोहचं पाणी, दुसऱ्या अंगाला मीना नदीवरचं वडज धरण. उसाचे हिरवे तुकडे कुठे दाट आहेत आणि मोकळी वावरं कुठे आहेत तेही इथूनच बघून ठेवा. उद्या कोणत्या वाटेने जायचं याचा निम्मा निर्णय इथे होतो.

पायथ्यापासून वर जाऊन-येऊन तीन ते साडेतीन तास. माणशी दीड लिटर पाणी. गंगा-जमुनेचं पाणी बारमाही असलं तरी पोटाला सवय नसलेल्यांनी ते तसंच पिऊ नये.

साखळीच्या वाटेबद्दल कुणीतरी तुम्हाला हमखास सांगेल. गावाकडच्या बाजूने थेट कातळाला भिडणारी, खोबण्या आणि साखळीची वाट. ती सोपी असल्याचं सांगणारे तिथे दहा वेळा गेलेले असतात. मूल आणि वडीलधारे बरोबर असताना ती वाट धरू नका, आणि पावसाळ्यात तर कुणीच धरू नये. खोबण्यांत शेवाळ धरतं आणि साखळी हाताला घसरते.

आता लेण्याद्री. गावातून साधारण पाच किलोमीटर, कुकडी ओलांडून. रस्ता सपाट आणि दोन्ही बाजूंना बागायत: ऊस, कांदा, द्राक्षबागा, मधेच झेंडूचा पट्टा. जाताना चाला, येताना रिक्षा किंवा जीप घ्या. उलट करू नका, कारण लेण्यांच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या उतरून आल्यावर पुन्हा पाच किलोमीटर डांबरावर चालणं कुणालाच रुचत नाही.

या रस्त्यावर दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. पहिली, ऊसवाहतूक. डिसेंबरात कारखान्याचा गाळप हंगाम भरात असतो. ट्रॅक्टरला एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि वळणावर मागची ट्रॉली पुढचीपेक्षा आत कापते. चालकाला ती दिसत नाही. म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारं वाहन दिसेल असं चालायचं आणि वळणावर ट्रॉली दिसली की डांबर सोडून खाली उतरून थांबायचं. बैलांच्या टायरगाड्या सावकाश येतात, पण बैल बुजू नयेत म्हणून मुलाला आरडाओरडा किंवा शिट्टी करू देऊ नका.

दुसरी गोष्ट, बिबट्या. घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण जुन्नरला पायी फिरणाऱ्याने हे नीट समजून घेतलंच पाहिजे. जुन्नर तालुक्यात धरणं आणि कालवे आले, तसा ऊस वाढला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो, आत गारवा, पाणी, डुकरं आणि कुत्री. बिबट्याच्या मादीला पिल्लं वाढवायला ही जागा जंगलाइतकीच सोयीची. इथल्या बिबट्यांच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या. तोड सुरू झाली की रातोरात त्यांचा आडोसा जातो, मादी पिल्लं घेऊन शेजारच्या फडात सरकते, आणि माणसाशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. तुमचे दिवस नेमके या हंगामात येतात.

बिबट्या भक्ष्य ओळखतो ते उंचीवरून. उभा माणूस त्याला भक्ष्य वाटत नाही. वाकलेला, बसलेला माणूस किंवा लहान मूल वाटू शकतं. शेतात खुरपणाऱ्या बायकांवर आणि मुलांवर हल्ले होतात त्यामागे हे कारण आहे. यातून चालणाऱ्याचे नियम आपोआप निघतात. उसाच्या कडेला बसून डबा खायचा नाही. बुटाची नाडी बांधायची तर मोकळ्या जागी. नैसर्गिक विधीसाठी उसाच्या आडोशाला जायचं नाही, लॉजवरूनच जाऊन निघायचं. मूल कायम दोन मोठ्यांच्या मधे, पुढे किंवा मागे एकटं नाही. बोलत चालायचं, इथले शेतकरी पहाटे पाणी धरायला जाताना मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतात किंवा काठीला घुंगरू बांधतात, ते याचसाठी. उजाडण्याआधी आणि अंधारात शिवारात पाऊल नाही.

दिसलाच तर पळायचं नाही आणि पाठ फिरवायची नाही. मुलाला खाली न वाकता, दंडाला धरून आपल्या मागे घ्यायचं, हात वर करून मोठ्याने ओरडायचं, आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे मागे सरकायचं. बहुतेक वेळा तो आधीच निघून जातो. तोडलेल्या फडात मांजराएवढी पिल्लं दिसली तर हात लावायचा नाही, फोटोसाठी घोळका करायचा नाही. आई जवळच असते आणि रात्री पिल्लं घ्यायला परत येते. वन विभागाचा टोल फ्री क्रमांक 1926 आहे. त्यावर ठिकाण सांगायचं आणि तिथून दूर व्हायचं. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे, त्यामुळे या कामाची माहिती असलेली माणसं इथे जवळच आहेत.

उसाचा भाग संपला की डोंगर समोर येतो. लेण्याद्रीला पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे. इथली माकडं हातातली पिशवी, बाटली, चष्मा सगळं ओढतात. प्रसादाची पिशवी हातात दिसू देऊ नका, पाठीवरच्या सॅकमध्ये टाका आणि चेन लावा. आईवडिलांना पायऱ्या नको वाटल्या तर डोली मिळते. दर आधी ठरवा. एकूण तीस लेणी ओळीने दक्षिणेकडे तोंड करून आहेत. उन्हाळ्यात याचा त्रास होतो, पण डिसेंबरच्या सकाळी ते ऊन हवंहवंसं वाटतं. गिरिजात्मज गणपती आहे तो सातव्या लेण्यात. दर्शन घेऊन लगेच वळू नका. मधल्या सभागृहात उभं राहून वर बघा: एवढ्या मोठ्या छताला एकही खांब नाही, आणि तिन्ही भिंतींना मिळून वीस खोल्या आहेत, दोन्ही बाजूंना सात-सात आणि मागे सहा. हा बौद्ध भिक्खूंचा विहार, म्हणजे राहायची जागा होती, म्हणून ही रचना. शेजारचं सहावं लेणं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा आहे, आत स्तूप. तिथे गर्दी नसते. संकष्टी, विनायकी चतुर्थी आणि शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा.

माझ्या मते या दोन दिवसांतला सगळ्यात मोलाचा भाग मानमोडी आहे, आणि तिथेच सगळ्यात कमी लोक जातात. गावाच्या दक्षिणेला दोन-तीन किलोमीटरवर हा लांबट डोंगर. लेण्यांचे तीन गट आहेत: भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग. तिन्ही वेगवेगळ्या उंचीवर आणि एकमेकांपासून लांब. एका सकाळीत तिन्ही करण्याचा हट्ट धरू नका. मुलाबरोबर अंबा-अंबिका आणि भूतलिंग एवढंच ठेवा. आईवडिलांना इथे आणू नका; चढ फार नाही, पण पायऱ्या नाहीत आणि पायवाटेवर बारीक मुरमाचा घसारा आहे. मुरमावर टाच आधी टेकवली की पाय सरकतो, अख्खा तळवा सपाट टेकवून छोटी पावलं टाकायची. उतरताना गवताला धरून आधार घेण्याचा मोह होतो, पण या दिवसांत ते गवत वाळलेलं असतं आणि मुळासकट हातात येतं.

गवताचा दुसरा त्रास कुसळांचा. पायमोज्यांत आणि पँटच्या शिवणीत घुसतात, टोचत टोचत आत सरकतात. लोकरी किंवा जाड सुती मोजे इथे निकामी. गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची पँट मोज्यावरून खाली सोडायची, हाफ पँट अजिबात नको. वाटेत थांबलात की कुसळं उपटताना टोकाकडून नाही, शेपटीकडून ओढा, म्हणजे मोडून आत राहत नाहीत. आणि हे सगळं वाळलेलं गवत एका काडीने पेटतं, म्हणून विडी-सिगारेट डोंगरावर नकोच.

पायथ्याच्या वस्तीवर थांबून वाट विचारा, आणि विचारताना गटाचं नाव घ्या. नुसतं 'लेणी कुठे?' विचारलं तर लेण्याद्रीचा रस्ता दाखवतात.

अंबा-अंबिका हे नाव नंतर इथे कोरलेल्या जैन मूर्तींमुळे पडलं. मूळ लेणी बौद्ध. इथलं चैत्यगृह अपुरं राहिलं आहे, आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर ब्राह्मी या प्राचीन लिपीतल्या लेखांची दाटी आहे. सकाळचं तिरपं ऊन पडलं की अक्षरं उठून दिसतात. दुपारी समोरून प्रकाश आला की तीच भिंत कोरी वाटते. खडू, पाणी, तेल लावून अक्षरं उठवण्याचा प्रयत्न करू नका. मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने धरला की तेच काम होतं आणि दगडाला काही होत नाही.

या लेखांत काय आहे ते मुलाला जरूर सांगा. जुन्नरच्या एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दान दिल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. दुसऱ्या एका लेखात अडुथुम नावाच्या शकाने, म्हणजे परदेशी वंशातल्या माणसाने, करंजाची झाडं लावण्यासाठी 20 निवर्तनं (हे जमिनीचं जुनं माप) आणि वडाची झाडं लावण्यासाठी 9 निवर्तनं जमिनीचं उत्पन्न लावून दिलं आहे. भीमाशंकर गटात महाक्षत्रप नहपान या शक राजाचा अमात्य, म्हणजे मंत्री, अयम याचा 46 व्या वर्षाचा लेख आहे, त्यातही दान आहे ते पोढी आणि मंडपाचं. पाणी, सावली आणि टेकायला जागा. दोन हजार वर्षांपूर्वी या वाटांवर चालणाऱ्यांना जे लागत होतं तेच या लोकांनी दिलं. आज बाजारात ज्वारी-बाजरीची पोती घेऊन बसलेला आडत्या बघाल तेव्हा ही धान्यवाल्यांची श्रेणी आठवेल.

भूतलिंग गटातल्या चैत्याची कमान थांबून बघण्यासारखी आहे. कमानीतल्या अर्धगोलाचे पाकळ्यांसारखे भाग केले आहेत. मधल्या भागात लक्ष्मी, शेजारी कमळावर उभे हत्ती, कडेच्या भागांत हात जोडलेली माणसं. कमानीच्या बाजूंना एकीकडे गरुड, दुसरीकडे नाग. इथल्या लेखानुसार हे दर्शनी काम चंद नावाच्या यवनाचं, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी माणसाचं दान. दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर मोबाइलवर झूम करून फोटो काढा आणि तो मोठा करून बघा.

मोहोळं मात्र इथे, तुळज्याला, शिवनेरीच्या कड्यांवर, सगळीकडे आहेत. आग्या मोहोळ म्हणजे मोठ्या मधमाश्यांचं उघडं पोळं, कड्याच्या पुढे आलेल्या छताखाली ओल्या काळ्या घोंगडीसारखं लोंबतं. पावसाळ्यानंतर या माश्या कड्यांवर येतात, त्यामुळे थंडीत आणि उन्हाळ्यात ती असणारच असं समजून चालायचं. त्या आपणहून अंगावर येत नाहीत. उठतात त्या धुराने, फटाक्याने, दगड मारल्याने, आणि उग्र वासाने. म्हणून त्या दिवशी अत्तर, डिओ, वासाचं केसांचं तेल नको. लेण्यात शिरण्याआधी वीस-तीस पावलं अलीकडे थांबून वरची कड नजरेखालून घाला. पोळ्याच्या पृष्ठभागावर चमकती लाट फिरताना दिसली किंवा गुंजारव चढलेला ऐकू आला, तर त्या दिवशी ते लेणं सोडा आणि बोलणं बंद करून मागे फिरा.

माश्या उठल्याच तर हात झाडायचे नाहीत. चिरडलेल्या माशीच्या आणि रुतलेल्या नांगीच्या वासाने आणखी येतात. ओढणी किंवा टॉवेल डोक्यावरून चेहऱ्यावर घेऊन, मुलाला झाकून, न थांबता दूर जायचं, उतारावर धावताना पडू नये एवढं भान ठेवून. टाक्यात उडी मारायची नाही. माश्या वर घोटाळत राहतात आणि पोहता येत असलं तरी टाक्याच्या गुळगुळीत भिंतीवरून बाहेर येता येत नाही. सुरक्षित ठिकाणी आलात की नांग्या नखाने किंवा एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून लगेच काढा, कारण नांगी जितका वेळ आत तितकं विष जास्त. अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला, श्वास लागला किंवा चक्कर आली तर 108 ला फोन आणि थेट रुग्णालय. जुन्नरला ग्रामीण रुग्णालय आहे. एखाद-दुसरा दंश आणि नुसती सूज असेल तर थंड पाण्याची पट्टी पुरते. घरात कुणाला ॲलर्जीचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी विचारून औषध बरोबर ठेवा, आणि त्या माणसाने मानमोडी व तुळजा सोडून द्यावं.

तुळजा लेणी शिवनेरीच्या पलीकडे, पाडळीच्या अंगाने, गावापासून चार-पाच किलोमीटर. ती मी तुमच्या बेतात पर्याय म्हणून ठेवतो. तिसऱ्या क्रमांकाचं गोल चैत्य पाहण्यासाठीच तिथे जायचं: मधे स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांबांचं कडं, वर घुमटासारखं छत. असं वर्तुळाकार चैत्य फार थोड्या ठिकाणी आहे. शेजारी देवीचं ठाणं आहे, चपला बाहेर काढा.

पहिल्या दिवशी दुपारी, शिवनेरीहून आल्यावर, हापूसबागेकडे जा. सगळं सपाट, आईवडिलांनाही जमेल, जाऊन-येऊन दीड-दोन तास. सौदागर घुमट म्हणून ओळखली जाणारी मोठी दगडी कबर शेतांच्या मधे उभी आहे. साडेचारनंतर पश्चिमेचं ऊन भिंतींवर येतं आणि आडव्या-उभ्या कोनाड्यांची रचना स्पष्ट होते. साडेपाचला गावात परत, हे विसरू नका.

शिवारातून जाताना काही गोष्टी पाळल्या तर शेतकरी स्वतः वाट दाखवायला येतात. चालायचं ते पाणंदीने किंवा बांधावरून, सरीतून नाही. ठिबकच्या काळ्या नळ्यांवर पाय देऊ नका; नळी चिमटली की पुढच्या पूर्ण ओळीला पाणी जात नाही, आणि ते दोन दिवसांनी पीक सुकल्यावर कळतं. शेताभोवती बारीक तार दिसली तर ती झटका मशीनची, म्हणजे जनावरं रोखणाऱ्या विजेच्या कुंपणाची असू शकते, हात लावू नका. द्राक्षं तोडून तोंडात टाकू नका, चोरीचा प्रश्न आहेच, पण घडांवर फवारणी झालेली असते. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या म्हणजे त्यांची घरं. फोटो काढण्याआधी विचारा. एखाद्या वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर थांबा, काठी जमिनीवर टेकवून उभे राहा, आणि घरातल्या माणसाला हाक मारा.

कालव्याच्या भरावावरून चालणं सोपं वाटतं, सपाट आणि सरळ. आवर्तन चालू असेल, म्हणजे कालव्यात पाणी सोडलेलं असेल, तर मुलाला पाण्याच्या बाजूला ठेवू नका. अस्तरीकरण केलेल्या काँक्रीटच्या उतारावर शेवाळ असतं, आत पडलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही आणि पाणी दिसतं त्याहून जोरात वाहतं. तसंच कुकडीच्या पात्रात दगडांवर बसायचं तर धरणातून पाणी सोडलं आहे का हे आधी गावात विचारा.

दुसऱ्या दिवसाचा बेत मी असा मांडेन: सकाळी तुम्ही आणि मुलगा मानमोडी, आईवडील गावात. त्यांना पेठांमधून सावकाश हिंडू द्या. तो दिवस आठवडे बाजाराचा असेल तर त्यांची सकाळ तुमच्याहून चांगली जाईल, म्हणून बाजाराचा वार लॉज ठरवतानाच विचारून घ्या. साडेअकराला सगळे जेवायला एकत्र. मासवडी-रस्सा आणि बाजरीची भाकरी ही इकडची खासियत. मासवडी शाकाहारी असते, बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली. बऱ्याच खानावळी ती सांगितल्यावर करतात, तेव्हा सकाळी निघतानाच सांगून जा. दुपारी रिक्षाने लेण्याद्री. म्हणजे वर सांगितलेली पायी वाट या वेळी सोडून द्यावी लागेल, पण दोन रात्रीच्या मुक्कामात आईवडिलांना लेण्याद्री दाखवायची असेल तर हाच मार्ग आहे. तिसऱ्या दिवशी सकाळ मोकळी असेल तर मात्र लेण्याद्री तिसऱ्या सकाळी पायी करा आणि दुसरी दुपार झोपेला द्या. मला हा दुसरा बेत जास्त पसंत आहे.

सामानात प्रत्येकी एक पातळ स्वेटर, कारण सकाळी सातला गारठा असतो आणि दहाला तो काढून सॅकमध्ये जातो. माणशी दीड लिटर पाणी, मुलासाठी गूळ-शेंगदाणे किंवा राजगिऱ्याचे लाडू, एक मोठा सुती टॉवेल, टॉर्च, चिकटपट्टी, कात्री. बूट नवे नकोत. निदान पंधरा दिवस घरी वापरलेले हवेत. टाचेला चुरचुर सुरू झाली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर लावून फार उपयोग नाही. फोड आलाच तर फोडू नका.

आणि बेताची तारीख पुढे ढकलली जाऊन फेब्रुवारीत गेली, तर 19 तारखेच्या आसपास शिवनेरी टाळा. शिवजयंतीला गड माणसांनी भरलेला असतो, रस्ते वळवलेले असतात आणि गावात खोली मिळत नाही. मार्चच्या मध्यानंतर आलात तर सकाळची निघायची वेळ साडेसहावर आणा, पाणी माणशी अडीच लिटर करा, आणि मानमोडी दहाच्या आत उतरा.